टंचाईत आधी कुणाच्या पानात वाढायचं?

रास्पबेरी पाय हा एका छोट्या सर्किट बोर्डवरचा स्वस्त संगणक. त्याच्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "रास्पबेरी पाय आम्हा हौशी लोकांनी मोठं केलं आणि २०२१ ते २०२३ च्या टंचाईत कंपनीने आम्हालाच मागे ठेवून माल उद्योगांना दिला. हे योग्य होतं का? आता मेमरी महागल्यावर पुन्हा तेच होणार असेल, तर आम्ही काय करायचं?"

त्या काळात मी दोन्ही रांगांमध्ये उभा होतो. दिवसा मी शीतगृहांमधलं तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बनवतो आणि त्यांच्या पोटात रास्पबेरी पायचं कंप्यूट मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्या यंत्रांत बसवण्यासाठीचं त्याचं छोटं रूप, असतं. शनिवारी संध्याकाळी शाळकरी मुलांच्या गटाबरोबर बसून सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंग करतो. कंपनीच्या निर्णयाने माझा एक हात भरला आणि दुसरा रिकामा राहिला. माझं मत असं: उद्योगांना आधी माल देणं बरोबर होतं. पण हौशी लोकांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी ठरावीक वाटा पहिल्या दिवसापासून बाजूला काढला नाही, ती चूक होती.

आधी त्या वेळी काय घडलं ते. २०२० मध्ये साथ आली, मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. त्याच सुमारास घरून काम आणि घरून शाळा सुरू झाल्यामुळे लॅपटॉप, राउटर, मॉनिटर यांची मागणी उसळली आणि मोकळी झालेली जागा भरून गेली. मोटार कंपन्या परतल्या तेव्हा कारखान्यांत जागाच नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससच्या कडाक्याच्या थंडीत वीज गेली आणि ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. पाय ४ ची मुख्य चिप २८ नॅनोमीटरवर बनते, पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांची ४० नॅनोमीटरवर. ही जुनी तंत्रं आहेत. मोटारी, राउटर, टीव्ही यांनाही तीच लागतात आणि त्यांच्यासाठी नवे कारखाने उभारायला सहसा कुणी उत्सुक नसतं. त्यामुळे टंचाई लांबली.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचे प्रमुख एबेन अपटन यांनी इतिहासातली पहिली दरवाढ जाहीर केली. २ जीबीचा पाय ४ पस्तीस डॉलरवरून पंचेचाळीसवर गेला आणि १ जीबीचा बोर्ड पस्तीसला परत आणला. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की महिन्याला साधारण पाच लाख बोर्ड आणि मॉड्यूल बनत आहेत आणि ज्यांचा धंदाच या बोर्डांवर चालतो अशा ग्राहकांना प्राधान्य दिलं जात आहे.

पाच लाख हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. तुमच्या मनाला जे लागलं तेही इथेच आहे. बोर्ड बनत होते, दर महिन्याला लाखोंनी बनत होते, पण ते आपल्या दुकानापर्यंत येत नव्हते.

आता उद्योगाच्या बाजूने बघा. आमच्या यंत्राच्या सर्किट बोर्डवर शंभर-शंभर पिनांचे दोन बारीक कनेक्टर आहेत. कंप्यूट मॉड्यूल ४ त्यांवर वरून दाबून बसवायचं, खट् असा आवाज येतो. त्या जागी दुसरं काही बसत नाही. तशाच आकाराची मॉड्यूल इतर उत्पादकांनीही काढली होती. त्यातलं एक आम्ही आणून बसवलं. ते सुरू झालं, नेटवर्कही चाललं, पण स्क्रीन काळाच राहिला. पडद्याचा ड्रायव्हर (तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नव्याने लिहायचा, मग यंत्राच्या विद्युतचुंबकीय चाचण्या पुन्हा करून घ्यायच्या, मग ग्राहकाकडची मान्यता पुन्हा मिळवायची. हे सगळं धरून सहा-आठ महिने सहज गेले असते. तोवर बाकी सगळं तयार असलेली चाळीस यंत्रं मांडणीवर उभी होती आणि प्रत्येकाच्या आत तेवढी एक पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी जागा रिकामी होती. जोडणी करणाऱ्या तिघांना द्यायला काम नव्हतं.

मी वितरकाला लिहिलं तेव्हा त्यांच्याकडून एक फॉर्म आला. उत्पादन काय आहे, गेल्या वर्षी किती विकलं, पुढच्या बारा महिन्यांत दर महिन्याला किती मॉड्यूल लागतील, आणि नाही मिळाली तर काय होईल. शेवटच्या रकान्यात मी त्या तिघांविषयी लिहिलं. तीन आठवड्यांनी मागितल्यापैकी निम्मी मॉड्यूल आली. त्या निम्म्यांवर आम्ही तरलो. म्हणून "उद्योगांना प्राधान्य" हे शब्द ऐकले की माझ्या डोळ्यासमोर बलाढ्य कंपनी येत नाही. चार टेबलांची खोली येते. त्या रांगेत आमच्यासारखे खूप जण होते.

हौशी माणूस थांबू शकतो, हे कंपनीचं म्हणणं ढोबळमानाने खरं आहे. घरातला जाहिरात अडवणारा सर्व्हर दोन महिने उशिरा बसला तर कुणाचा पगार अडत नाही. शिवाय तेव्हा बोर्ड खुलेआम विकले असते तर ते हौशी लोकांच्या हाती पडले असते, असं मला वाटत नाही. अधिकृत विक्रेत्यांकडे माल आला की माणशी एकच अशी मर्यादा असायची, तरी काही मिनिटांत साठा संपायचा आणि तेच बोर्ड दुसरीकडे दुप्पट-तिप्पट भावाने दिसायचे. आपोआप खरेदी करणाऱ्या प्रोग्रॅमपुढे साध्या माणसाचं बोट कमीच पडतं. दुसरा मार्ग होता भाव वाढवण्याचा. बाजार पाहता पस्तीसच्या बोर्डला कंपनी शंभर डॉलर लावू शकली असती. तिने ते टाळलं, आणि याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तसं झालं असतं तर टंचाई संपल्यावरही भाव जुन्या जागी आला असता की नाही, याची मला शंका आहे.

इथपर्यंत मी कंपनीच्या बाजूने बोललो. आता तुमच्या बाजूने बोलतो, आणि मला जास्त बोलायचं आहे ते इथेच.

माझ्यासारखा यंत्र बनवणारा हा बोर्ड का निवडतो? तो सगळ्यात वेगवान नाही, सगळ्यात स्वस्तही नाही. मी तो निवडतो कारण रात्री अकरा वाजता एखादा सेन्सर बोलेनासा झाला, तर जगात कुणीतरी त्याच सेन्सरशी झगडून उत्तर लिहून ठेवलेलं असतं. आमच्या यंत्रातल्या घड्याळाच्या चिपचा ड्रायव्हर नीट चालत नव्हता, तेव्हा त्यातली दुरुस्ती मला एका हौशी माणसाच्या नोंदीत सापडली. त्याने ती स्वतःच्या हवामान केंद्रासाठी केली होती. त्याबद्दल त्याला कुणी पैसे दिले नव्हते. उद्योग पैसे मोजतो बोर्डचे, पण खरी किंमत असते ती या कामाची, आणि ते काम हौशी लोक करतात. वर्ष-दोन वर्षं त्यांच्या हाती नवे बोर्डच पडले नाहीत तर ते दुसऱ्या बोर्डांकडे वळतात आणि त्यांच्या नोंदी, दुरुस्त्या, उत्तरं त्यांच्याबरोबर जातात. हे नुकसान कुठल्याच फॉर्ममध्ये भरता येत नाही. वितरकाने मला विचारलं, "नाही मिळाली तर काय होईल?" हा प्रश्न त्या हवामान केंद्रवाल्याला कुणी विचारला नाही.

दुसरं असं की हौशी आणि उद्योग या दोन जाती नाहीत. आमचं पहिलं यंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर, दुकानातून आणलेल्या एका सुट्या बोर्डवर तयार झालं. तेव्हा मी कुठल्या रकान्यात बसलो असतो? माझ्याकडे मागच्या वर्षीची विक्री नव्हती, पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज नव्हता. टंचाईच्या काळात मी सुरुवात करत असतो तर मला एकही बोर्ड मिळाला नसता आणि आज वितरकाला माझ्याकडून जी मागणी जाते ती जन्मालाच आली नसती. जुना ग्राहक वाचवताना कंपनीने उद्याच्या ग्राहकाचं रोपच पाण्यावाचून ठेवलं. हे तिच्या व्यवसायाच्या दृष्टीनेही बरं नव्हतं.

तिसरी गोष्ट मुलांची. २००८ च्या सुमारास केंब्रिजमध्ये काही लोकांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्राला येणारी मुलं कमी होत आहेत आणि जी येतात त्यांनी यंत्राशी झटापट केलेली नसते. त्यातून रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था उभी राहिली आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला पस्तीस डॉलरचा पहिला बोर्ड विक्रीला आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाच डॉलरचा पाय झिरो तर त्यांनी चक्क स्वतःच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाटला. एवढ्या प्रेमाने मुलांसाठी काढलेली वस्तू मुलांनाच मिळेनाशी झाली, तेव्हा "गरज सरो, वैद्य मरो" असं लोकांना वाटलं. कंपनीच्या मनात तसं होतं असं मी मानत नाही. पण ज्याच्या वाट्याला रिकामं पान येतं, त्याला वाढणाऱ्याच्या मनातलं कसं कळणार?

आमची मॉड्यूल आली त्याच आठवड्यात गटातली नववीतली एक मुलगी गच्चीवरच्या टाकीची पाणीपातळी मोजायचा प्रकल्प घेऊन आली होती. तिला एक बोर्ड हवा होता. आम्ही दोघांनी मिळून सगळे अधिकृत विक्रेते पाहिले, सगळीकडे "साठा संपला". माझ्या पिशवीत कंपनीच्या मॉड्यूलचा खोका होता, पण ती मॉड्यूल मोजून मिळालेली होती आणि त्यातलं एकही तिला देणं मला शक्य नव्हतं. हौशी माणूस थांबू शकतो, हे खरं. नववीचं वर्ष थांबत नाही.

वाटा बाजूला काढता आला असता का? डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने व्यक्तिगत ग्राहकांसाठी एक लाखाहून थोडे अधिक बोर्ड राखून ठेवले आणि पुढच्या वर्षी पुरवठा पूर्ववत होईल असं सांगितलं. आता तो पाच लाखांचा आकडा घ्या. महिन्याला पाच लाख या वेगाने एक लाख बोर्ड म्हणजे जेमतेम सहा दिवसांचं उत्पादन. दर महिन्याचे तीन दिवस जरी पहिल्यापासून शिकणाऱ्यांच्या नावाने लिहिले असते तरी महिन्याला पन्नास हजार बोर्ड झाले असते. त्यासाठी आमच्यासारख्यांच्या वाट्यातून दहातलं एक मॉड्यूल गेलं असतं. निम्म्यावर तरलेला माणूस म्हणून सांगतो, आम्ही तेही सोसलं असतं. फक्त आधी सांगितलं असतं तर तसं नियोजन केलं असतं.

कंपनीलाही हे पटलं असावं. सप्टेंबर २०२३ मध्ये पाय ५ जाहीर करताना तिने सांगितलं की निदान वर्षअखेरपर्यंत हे बोर्ड फक्त व्यक्तिगत ग्राहकांना, सुट्या विक्रीतूनच दिले जातील. त्या वेळी उद्योगांनी थांबायचं होतं. आम्ही थांबलो, कुणाचं काही बिघडलं नाही. २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली तेव्हा २०२३ ला विकलेल्या नगांपैकी सुमारे ७२ टक्के नग औद्योगिक वापरासाठी गेल्याचं तिने मांडलं. भागधारक आल्यावर तो कल आपोआप बदलणार नाही. म्हणून राखीव वाटा ही चांगुलपणाने कधीतरी करायची गोष्ट राहू नये, तो जाहीर नियम असावा, आणि आपण हौशी लोकांनी तोच मागावा. "आम्हाला आधी द्या" म्हणण्यापेक्षा "दर महिन्याला अमुक इतके आमच्या नावाने ठेवा" ही मागणी ऐकली जाण्याची शक्यता जास्त.

आता सध्याची गोष्ट. या वेळची टंचाई वेगळी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या मेमरीचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पायने जास्त मेमरीच्या बोर्डांचे दर वाढवले आणि १ जीबीचा पाय ५ पंचेचाळीस डॉलरला आणला. त्याच महिन्यात मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणारा आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण मोठ्या ग्राहकांचा पुरवठा आधी सांभाळायचा आहे. हाही पंक्तिप्रपंचच, आणि पायने केला होता त्याहून कठोर. तिथे हौशी माणसाला मागे बसवलं होतं, इथे त्याचं पानच उचललं.

२०२१ मध्ये भाव जवळपास जागेवर होता, बोर्ड नव्हता. या वेळी बोर्ड आहे, भाव जागेवर नाही. रांग कुणी लावली हे त्या वेळी दिसत होतं, म्हणून रागावता येत होतं. भावाची रांग दिसत नाही. माझ्या यंत्राच्या किमतीत मॉड्यूलचा वाटा लहान असल्यामुळे ते वीस डॉलरनी महागलं तरी मी घेतो. शाळकरी मुलीच्या प्रकल्पात बोर्ड हाच सगळा खर्च असतो, तिथे वीस डॉलर म्हणजे प्रकल्प रद्द. कुणी काही न ठरवता उद्योगच पुन्हा पुढे जातो.

तेव्हा काय करायचं? सगळ्यात आधी, तुम्हाला लिनक्ससारखी ऑपरेटिंग प्रणाली चालवणारा पूर्ण संगणक खरंच हवा आहे का ते तपासा. पाणीपातळीवाल्या त्या मुलीला तो नको होता. आम्ही तिला चार डॉलरचा पिको घेऊन दिला, म्हणजे याच कंपनीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड: एकच छोटा प्रोग्रॅम चालवणारा, लिनक्स नसलेला. टंचाईच्या ऐन भरातही पिको मिळत होता, कारण त्यातली आरपी२०४० चिप इतकी छोटी आहे की एका मोठ्या वेफरमधून (चिप जिच्यातून कापतात ती सिलिकॉनची चकती) सुमारे २०,००० निघतात. तिने अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडला. त्या सेन्सरचा उलट येणारा सिग्नल पाच व्होल्टचा आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. थेट जोडला असता तर पिन जळण्याची भीती होती. एक आणि दोन किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) घेऊन तो सिग्नल विभागायचा हे तिने स्वतः वहीत गणित करून काढलं: पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. माझ्या हातात बोर्डांचा ढीग असता तर मी तिला पाय दिला असता आणि हे गणित कदाचित झालंच नसतं.

घरातला फाइल सर्व्हर, जाहिरात अडवणारा सर्व्हर, घरातल्या दिव्यांचं नियंत्रण यांसाठी कार्यालयांतून निघणारे जुने थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचे छोटे संगणक) किंवा छोटे पीसी पाहा. वीज थोडी जास्त लागते, पण पेटी, पॉवर सप्लाय आणि डिस्क सगळं सोबत येतं आणि मेमरी कार्डवरच्या फाइली खराब होण्याची कटकट संपते. त्यांना सेन्सर जोडायच्या पिना नसतात. त्या हव्या असतील तर यूएसबीला एक पिको लावा, पिनांचं काम तो करेल. मी आता नव्या यंत्रांतही असंच करतो. सेन्सर सगळे मायक्रोकंट्रोलरवर, वरचा संगणक फक्त नोंदी ठेवणारा. तो उद्या मिळाला नाही तर दुसरा लावता येईल. त्या काळ्या स्क्रीनने मला शिकवलेली ही गोष्ट आहे आणि छोट्या धंदेवाल्यांना ती विशेष सांगतो.

कॅमेरा, वर बसणारे तयार बोर्ड किंवा शाळेचा ठरलेला अभ्यासक्रम असेल तर पायच लागतो. तेव्हा कमी मेमरीचा घ्या. स्क्रीनशिवाय चालणाऱ्या बहुतेक कामांना १ जीबी पुरते. थ्रीडी प्रिंटर सांभाळणारा ऑक्टोप्रिंट त्यात आरामात चालतो. आठ जीबीचा बोर्ड घेऊन त्यातले सात रिकामे ठेवणं ही सध्या सगळ्यात महाग चूक आहे. साठेबाजाकडून तिप्पट भावाने घेऊ नका, पुढच्या खेपेला तो दुप्पट माल उचलेल. शाळा किंवा गट असेल तर एकेकट्याने दुकान धुंडाळण्यापेक्षा संस्था म्हणून वितरकाला लिहा, आणि आकड्यासह लिहा: किती मुलं, कोणत्या महिन्यात, किती बोर्ड. उद्योगाची भाषा त्यांना कळते. आम्ही ती वापरली तेव्हा गटाला सहा बोर्ड मिळाले, तेही छापील किमतीत.

आणि खण उघडा. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही गटातल्या प्रत्येकाला सांगितलं की घरी पडून असलेले बोर्ड घेऊन या. पुढच्या शनिवारी टेबलावर अकरा बोर्ड जमले. कुणाचा अर्धवट सोडलेला खेळाचा डबा, कुणाचा कधीच न लावलेला भेटीचा संच. एक तर २०१२ चा पहिला पाय होता, पिवळ्या व्हिडिओ सॉकेटचा, सव्वीस पिनांचा, २५६ एमबी मेमरीचा. त्याच्यावर नवी ३२ बिटांची ऑपरेटिंग प्रणाली चढवली तर तो सुरू झाला. दहा वर्षांच्या बोर्डला अजून प्रणाली मिळते, ही त्या कंपनीची गोष्ट मला मनापासून आवडते. रागावूनही मी तिच्याजवळच राहिलो त्याचं हे मोठं कारण. तो बोर्ड आता आमच्या खोलीच्या दाराशी असतो. शनिवारी आलेली मुलं आपलं नाव त्यावर टाइप करून आत येतात.